येझदी पुन्हा उभी करताना

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी तिथल्या कितीतरी येझदी मोटारसायकली अजून ताडपत्रीखाली उभ्या आहेत. किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेली ही गाडी. घरी खोलायची हौस असेल, तर रंग, क्रोम, हँडल यांचा मोह जरा बाजूला ठेवा.

आधी पाहायचे क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरमध्ये जातं. सील कडक होऊन चिरलं, की जादा हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. एवढ्याशा रबरापायी मग बोअर करा, ओव्हरसाइझ पिस्टन शोधा! वायरिंग सोडवण्याआधी मात्र फोटो काढा.

सजावट जरूर करा. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही; इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी हवी. आणि फ्रेम पावडर कोटिंगला देताना चेसिस क्रमांक झाकायला सांगा. तो बुजला, तर फेरनोंदणीला गाडी अडकलीच म्हणून समजा.