परसातील कोंबड्या आणि शेजारधर्म
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्येचा माणूस. पिकांविषयी बोलणे हे माझे नेहमीचे काम. आज मात्र कोंबड्यांविषयी बोलणार आहे, कारण त्यांच्यापायी झालेला अबोला मी घरी पाहिला आहे.

आमचे घर गावठाणात, भिंतीला भिंत लागून. आईने आठ कोंबड्या व दोन कोंबडे पाळले होते. शेजारचे काका रात्रपाळी करून पहाटे घरी येत आणि नेमके तेव्हाच कोंबडे आरवू लागत. आईने खुराड्यावर पोती टाकून पाहिली. उपयोग झाला नाही. शेवटी दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले, विरजणाची देवघेवही थांबली.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. झाकलेला कोंबडा आरवायचाही राहत नाही! जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही ठरावीक वेळी आरवतात. वेळेचे भान त्यांच्या शरीरातच असते.

मग उपाय काय? कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देत नाही, हा समज चुकीचा आहे. कोंबडा लागतो तो पिल्ले काढण्यासाठी. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. उलट, कडक उन्हाळ्यात फलित अंड्यात गर्भ वाढू लागतो आणि अंडे लवकर नासते. म्हणून दाट वस्तीत फक्त कोंबड्या ठेवाव्यात, कोंबडा मळ्यात ठेवावा. पिल्ले हवी असल्यास कोंबडा असलेल्या कळपातील ताजी अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. २१ दिवसांत पिल्ले निघतात.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात:

१) खुराडे शेजाऱ्याच्या भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच असावे. तळाला भाताचे तूस पसरावे आणि ओले झालेले तूस लगेच काढावे. दुर्गंधी व माशा ओलीमुळेच वाढतात.

२) विष्ठा खड्ड्यात कुजवूनच परसबागेला घालावी. ताजी घातल्यास रोपे करपतात.

३) परसाला जाळीचे कुंपण घालावे. शेजारणीचा मेथीचा वाफा उकरला गेला की भांडण ठरलेलेच.

४) मानमोडी रोग सगळ्या आळीतील कोंबड्या नेतो. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस द्यावी. पुढील लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नये. अचानक मर झाल्यास मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकता दवाखान्याला त्वरित कळवावे.

५) शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांनी स्थानिक नियम आधी विचारून घ्यावेत.

शेवटी आईने दोन्ही कोंबडे मळ्यावर नेऊन ठेवले. अंडी पूर्वीइतकीच मिळत राहिली. तिने वाटीत चार अंडी घालून काकूंकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी तीच वाटी विरजण घेऊन परत आली.