गाडी ओळख विचारते तेव्हा



आमच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गाडी हा घराघरातला विषय आहे. इथे कुणी गाडीचे दरवाजे प्रेसवर काढतं, कुणी पेंट शॉपमध्ये उभं असतं, कुणी वायरिंगच्या जुड्या बांधतं, तर कुणी तयार गाड्या ट्रेलरवर चढवतं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात टेल्को पिंपरीत आली. पुढे आकुर्डीच्या बजाज स्कूटर देशभर धावल्या. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी मर्सिडीजही तिथे गेली. माझे अब्बा इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. मी बी. ए. करून कवितेच्या नादी लागलो, पण वाढलो ते ग्रीसच्या वासात आणि मशीनच्या गप्पांत.

तरीही, सकाळी कामावर निघताना दारातली गाडी सुरू झाली नाही, की गाड्या घडवणारा हाच माणूस गोंधळून जातो. बॉनेट उघडतो, बंद करतो, टायरला एक लाथ घालतो आणि शेजाऱ्यांना धक्का मारायला हाका मारतो. आज मी बोलणार आहे ते अशा गाडीबद्दल, जिला कितीही धक्का मारला तरी उपयोग नसतो.

जुन्या गाड्यांची दुखणी सरळ होती. चेतक स्कूटर जरा कलती केली, दोन किका मारल्या, की काम व्हायचं. फियाट थंडीत रुसली, तर चार पोरं मागे लागायची. ड्रायव्हरने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, की इंजिन पकडायचं. गाडीला पेट्रोल, हवा आणि ठिणगी एवढंच लागायचं. चावी कुणाच्या हातात आहे, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. चोराने खालच्या वायरी ओढून जोडल्या, तरी ती तेवढ्याच इमानाने सुरू व्हायची.

इमोबिलायझर आला आणि हे बदललं. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. कधी ती काचेच्या नळीत असते, शिजलेल्या बासमतीच्या दाण्याएवढी. तिला स्वतःची बॅटरी नसते. जिथे आपण चावी घालतो, त्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. चावी फिरवली, की त्या वेटोळ्यातून रेडिओ लहरी निघतात, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या. या लहरींतूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक कळवते. नव्या गाड्यांत तर गाडी दर वेळी वेगळा प्रश्न टाकते आणि चिपने त्याचं बरोबर उत्तर द्यायचं असतं. उत्तर जुळलं, तर इंजिनाचा कॉम्प्युटर इंधन आणि ठिणगी सोडतो. जुळलं नाही, तर सोडत नाही. डोळ्याचं पातं लवेपर्यंत हे सगळं होऊन जातं.

मी शब्दांवर जगणारा माणूस, म्हणून एक गंमत सांगतो. कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आला, चावी पोर्तुगिजांकडून आली. मराठीने दोघांनाही इतकं घरचं करून घेतलं, की आज कुणी त्यांना ‘तुम्ही कुठले’ असं विचारत नाही. इमोबिलायझर मात्र अजून उंबऱ्यावरच उभा आहे. लोक नुसतं ‘चिपची चावी’ म्हणतात, आणि मला ते बरं वाटतं.

तर मुद्दा असा. आजची गाडी सुरू होत नाही, ती दोन निरनिराळ्या कारणांनी. एक तर तिच्यात ताकद नसते, किंवा तिला आपली ओळख पटलेली नसते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे. हा फरक ज्याला कळला, त्याचे पैसे वाचतात आणि कधी कधी पैशांहून मोलाचं काही.

आमच्या सोसायटीतला एक तरुण चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. कामावर तो कंपनीच्या बसने जातो. जुनी गाडी त्याने घेतली ती वडिलांसाठी. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पावसाळ्यातल्या एका सकाळी रात्रपाळी करून आला, वडिलांना मागच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, इंजिनाने क्षणभर पकडलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. आठ-दहा वेळा झालं. पावसात रिक्षा मिळेना. डायलिसिसची वेळ हुकली, तर मशीन पुढच्या रुग्णाकडे जातं. म्हातारे गृहस्थ मांडीवर पिशवी धरून गप्प बसलेले. मदतीच्या नंबरवरून उत्तर आलं, की गाडी टो करून आणावी लागेल.

माझ्या भाच्याचं भोसरीजवळ छोटं गॅरेज आहे. मी त्याला फोन लावला. त्याने तीनच प्रश्न विचारले. “मामू, सेल्फ जोरात फिरतोय का? समोर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतंय का? आणि चावीच्या कड्यात आणखी काय काय अडकवलंय?”

सेल्फ फिरत होता. चित्र लुकलुकत होतं. आणि कड्यात घराच्या किल्लीबरोबर कारखान्याचं गेटवरचं नवं कार्ड होतं. कार्ड विसरलं तर हजेरीची पंचाईत, म्हणून त्याने ते आदल्याच दिवशी त्यात ओवलं होतं. भाचा म्हणाला, “कार्ड काढा. चावी एकटी लावा.” लावली आणि गाडी सुरू झाली.

ते कार्डही तसल्याच लहरींवर चालणारं. कुलपाभोवतीच्या वेटोळ्याने विचारलं ‘कोण?’ आणि एकदम दोघांनी उत्तर दिलं. कारखान्याचं गेट त्याला ज्या कार्डावरून ओळखायचं, त्याच कार्डामुळे त्याची स्वतःची गाडी त्याला ओळखेनाशी झाली होती. वडील वेळेत पोचले.

आता क्रमाने सांगतो. जमल्यास कागदावर टिपून घ्या.

आधी ऐका आणि पाहा. चावी फिरवल्यावर नुसतं टक-टक वाजलं, दिवे मंद झाले, हॉर्नचा घसा बसला, तर बॅटरी उतरली आहे. ते ताकदीचं दुखणं. पण दिवे लख्ख आहेत, सेल्फ जोमाने फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, किंवा पकडून एक-दोन सेकंदांत बंद पडतं, शिवाय समोर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो आहे, तर संशय इमोबिलायझरवर घ्या. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फही फिरत नाही, म्हणून दिव्याकडे लक्ष हवं. तो दिवा नेहमीसारखा विझत असेल, तर दोष दुसरीकडे शोधा, मग तो पेट्रोलचा पंप असेल किंवा आणखी काही.

संशय आला, की सेल्फ मारत बसू नका. त्याने बरी असलेली बॅटरीही उतरते, आणि बॅटरी कमजोर झाली तर गाडीला चिप वाचायला आणखी अडचण येते. चावी बाहेर काढा आणि काही मिनिटं थांबा. ती कड्यातून सोडवा. दुसऱ्या गाडीची चिपची चावी, गेटचं कार्ड, धातूची जाड कीचेन, मोबाईल, सगळं दूर ठेवा. मग चावी एकटी लावून पाहा.

तरी नाही झालं, तर घरातली दुसरी चावी आणा. दुसरीने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी नाही झाली, तर दोष बहुधा गाडीच्या बाजूला आहे. बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, वेटोळ्याची सुटलेली वायर, हे मेकॅनिकला तपासू द्या. चावीचं फुटकं कवच नुकतंच बदललं असेल, तर जुनं कवच फेकलं का, ते आधी विचारा. चिप त्यातच राहून जाते, आणि नवी कोरी दिसणारी चावी गाडीच्या लेखी परकी ठरते.

बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटचा नाण्यासारखा सेल संपला, तर गाडी ‘चावी सापडत नाही’ म्हणते. तेव्हा रिमोट थेट बटणाला टेकवून, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी धरून बटण दाबा. सेल संपला तरी आतली चिप जवळून वाचता येते. चावी फिरवायच्या गाडीत तर रिमोटच्या सेलचा इंजिनाशी संबंधच नसतो.

एवढ्यानेही झालं नाही, तर चावी नव्याने ‘शिकवावी’ लागते. त्याला स्कॅनर लागतो आणि बहुतेक गाड्यांत गुप्त कोड. जाताना घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा, कारण अनेक गाड्यांत त्या वेळी हजर नसलेली चावी यादीतून पुसली जाते. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या. चोरीचा दावा करायची वेळ आलीच, तर विमा कंपनीही दोन्ही चाव्या मागते. आणि कुणी ‘चिप कुलपाजवळ कायमची चिकटवून देतो, कटकट मिटेल’ म्हणालं, तर नको म्हणा. दार लावून किल्ली बाहेर लटकवण्यातलाच तो प्रकार.

कारण ही कटकट उगीच नाही. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. त्यानंतर नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात, गाडी चोरीला जाण्याची शक्यता त्यामुळे सुमारे निम्म्याने घटल्याचं दिसलं. उलट, अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तिथे २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर होता, ह्युंदाई आणि किया यांच्या मात्र केवळ २६ टक्के गाड्यांना. पुढे २०२१-२२ मध्ये, चावी नसताना या गाड्या कशा सुरू करायच्या याचे व्हिडिओ पोरांमध्ये पसरले आणि गावोगाव चोऱ्यांची लाट आली.

तेव्हा कुलूप हवंच. प्रश्न आहे तो ते उघडायची विद्या कुणाकडे राहणार याचा. माझा भाचा उस्तादाच्या हाताखाली शिकला. इंजिनाला पाना टेकवून त्याचं दुसरं टोक कानाशी धरायचं आणि कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगायचं, ही त्याची शाळा. फोनवर तीन प्रश्न विचारून त्याने त्या दिवशी गाडी सुरू केली. पण चिपच मेली असती, तर त्याचे हात बांधलेले होते. स्कॅनर त्याने कर्ज काढून घेतला, पण कोड त्याला मिळत नाही. गिऱ्हाईक वर्षानुवर्षांच्या ओळखीचं असतं आणि त्याला हात जोडून परत पाठवावं लागतं. भोसरीपासून चाकणपर्यंत रस्त्याच्या कडेला अशी किती तरी गॅरेजं आहेत.

हा प्रश्न कायद्याच्या दारात पोचलेला आहे. एका गाडीमालकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हे स्पर्धेला मारक आहे, असं आयोगाने ठरवलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेर पोर्टल सुरू झालं, आणि त्यात मोटारगाड्यांचाही समावेश आहे.

कोड सगळ्यांना वाटून टाका, असं मी म्हणत नाही. तो चोरालाही मिळेल. पण मधला मार्ग आहे. युरोपात ‘सर्मी’ नावाची पद्धत २०२३ पासून लागू होऊ लागली. स्वतंत्र मेकॅनिकची नीट पडताळणी करायची, त्याला ओळख द्यायची, आणि मग कुलपाची माहिती त्याच्यासाठी खुली करायची. जी गाडी चिपला ‘कोण’ म्हणून विचारते आणि खरं उत्तर आलं की दार उघडते, तिच्या कारागिरालाही तेवढाच न्याय मिळावा. चाकणला घडलेली गाडी भोसरीच्या गॅरेजात दुरुस्त होऊ नये, हे काही बरं नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे, ते करू या. कड्यात चावीशेजारी काय काय लटकतंय, ते आजच पाहा. घरात एकच चावी उरली असेल, तर ती हरवायच्या आत दुसरी करून घ्या. शेवटची चावी हरवल्यानंतरचा खर्च आणि खटाटोप फार मोठा असतो. आणि कुणाची गाडी अडली, तर धक्का मारायला खांदा लावण्याआधी, समोर कोणता दिवा लुकलुकतोय ते विचारा.