ओव्हरलॉक मशीनचा टाका कसा साधावा
(महिलांच्या शिलाई प्रशिक्षण वर्गातील भाषण)



शेतीच्या कामातून उसंत मिळाली की शिलाईवर चार पैसे मिळवणाऱ्या महिला आज नांदेड व लातूर जिल्ह्यांत गावोगाव आहेत. आपल्या भागाला शिलाई नवीन नाही. राष्ट्रध्वजाची खादी उदगीरला विणली जाते व नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आज मात्र बोलायचे आहे ते शाळेच्या गणवेशाविषयी, कारण गटाला एकगठ्ठा मिळू शकेल असे काम तेच. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात मोफत गणवेशाच्या शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे देण्यात आले होते. २०२५-२६ पासून गणवेशाचा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. म्हणजे काम मागायचे ते आपल्याच गावात आणि दाखवायचे तेही आपल्याच गावातील पालकांना. सदरा हातात आला की ते तो उलटा करून आतली कडा पाहणारच.

ही आतली कडा ओव्हरलॉक मशीनवर बांधली जाते. कोणी तिला इंटरलॉक मशीनही म्हणतात. टेरिकॉटच्या कापलेल्या कडेची सुते निघतात. कडा बांधली नाही, किंवा सैल बांधली, तर दहा-वीस धुण्यांत सुते शिवणीपर्यंत येतात आणि काख किंवा बैठक उसवते. नवीन मशीन घेतलेल्या महिलांची अडचण बहुधा एकच असते : टाका बिघडला की त्या सगळ्या चकत्या एकदम फिरवतात. मग नेमका कोणता दोरा बिघडला होता, हे कोणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे बहुतेक मशीन तीन दोऱ्यांचे असते. एक दोरा सुईत, दुसरा वरच्या लूपरमध्ये, तिसरा खालच्या लूपरमध्ये. प्रत्येकाला ताणाची स्वतंत्र चकती असते. चकती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की ताण वाढतो, उलट फिरवली की सैल होतो. शिकताना तीन रंगांचे दोरे लावावेत. समजा, सुईत पिवळा, वरच्या लूपरमध्ये लाल, खालच्यात हिरवा. दोरे एकाच जातीचे व एकाच जाडीचे असावेत. आता गणवेशाच्याच कापडाची दुहेरी चिंधी घ्या. दुसऱ्या कापडाची चालणार नाही. कामाच्या वेगानेच वीतभर शिवा आणि ती उजेडात धरून पाहा.

टाका बरोबर असेल तर वरच्या अंगाला लाल विळखे दिसतील, खालच्या अंगाला हिरवे, आणि दोघांची गाठ नेमकी कापडाच्या कडेवर पडेल. पिवळा दोरा वरून सरळ रेघ दिसेल, खालून फक्त बारीक ठिपके.

लाल दोरा कडेवरून खालच्या अंगाला गेला असेल तर दोन कारणे संभवतात : लाल सैल आहे, नाहीतर हिरवा घट्ट आहे. कडेवर बोट फिरवून पाहावे. विळखे लोंबत असतील तर लाल सैल आहे, तो आवळा. कडा आत वळून गोळा झाली असेल तर हिरवा घट्ट आहे, तो सोडा. हिरवा वर आला असेल तर हेच उलट समजावे. उमजत नसेल तेव्हा आवळण्याआधी सोडून पाहावे, असे माझे मत आहे. सगळेच आवळत गेले की दोरा तुटू लागतो. एका वेळी एकच चकती, तीही पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी नवी चिंधी. काम कंटाळवाणे खरे, पण चिंधी फुकट असते, सदरा नसतो.

दोन्ही विळख्यांची गाठ कडेवर पडते, पण ते कडेबाहेर लोंबतात, असे असेल तर दोन्ही लूपरचे दोरे सैल आहेत किंवा पाते कापड जास्त कापत आहे. उलट कडा नळीसारखी वळत असेल तर दोन्ही घट्ट आहेत, नाहीतर टाक्यात मावणार नाही इतके कापड आत राहते आहे.

सुईच्या दोऱ्याची परीक्षा वेगळी. शिवणीचे दोन्ही पदर हातांनी ओढा. मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे दोरे दिसले तर पिवळा सैल आहे. कापडाला चुण्या पडल्या तर तो घट्ट आहे.

चकतीला हात लावण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. दोरा चकत्यांच्या मध्ये नीट बसला आहे का? पुष्कळदा तो वरच तरंगत असतो, आणि मग कितीही फिरवले तरी उपयोग होत नाही. चकत्यांत कापसाची लव साचली आहे का? जाड सुती दोरा आडवा घालून ती काढावी. सुई बोथट नाही ना, आणि पूर्ण वर बसली आहे ना? टाके सुटतात ते बहुधा सुईमुळे. सदऱ्याच्या कापडाला ११ नंबरची व पँटच्या कापडाला १४ नंबरची सुई घ्यावी; जात मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेली असेल तीच. खालच्या लूपरचा दोरा तुटला तर सुईतलाही काढावा. आधी लूपर ओवून सुई शेवटी ओवावी, नाहीतर दोरा पुन्हा तुटतो.

टाक्याची लांबी गणवेशाला अडीच ते तीन मिलिमीटर पुरे, म्हणजे इंचात नऊ-दहा टाके. खेळाच्या बनियनच्या कापडाची कडा लाटेसारखी होत असेल तर दाबपट्टीचा दाब कमी करून पाहावे.

पात्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलाच्या कपड्यात आपण माया ठेवतो, पुढच्या वर्षी सोडता यावी म्हणून. ओव्हरलॉकवर हात जरा आत गेला की पाते ती माया खाऊन टाकते. पात्याने कडेची सुटी सुते तेवढी छाटावीत. पँटच्या मागची शिवण आणि बाजूच्या शिवणी यांचे पदर आधी वेगवेगळे ओव्हरलॉक करावेत व मग साध्या मशीनवर जोडावेत. म्हणजे सोडताना टाका उसवावा लागत नाही. शिवणीच्या टोकाला दोन इंच साखळी राहू द्यावी व ती पुढच्या शिवणीत दाबावी. टोकाशी कापली तर कडा तिथूनच उसवू लागते.

शेवटी दोऱ्याचा हिशेब. साध्या मशीनवर एक मीटर शिवणीला सुमारे अडीच मीटर दोरा लागतो, तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकवर सुमारे चौदा मीटर. समितीला दर सांगण्यापूर्वी एका सदऱ्याच्या सगळ्या कडा टेपने मोजा, चौदाने गुणा आणि कोनवर छापलेल्या लांबीशी ताडून पाहा. चाचणीच्या चिंध्यांना लागलेला दोराही त्यातच धरावा.