अस्तरातलं रेशीम



जपानी सौंदर्यदृष्टी आणि रस्त्यावरची फॅशन, हा विषय आपल्या गटात कशाला, असं काहीजणींनी मला विचारलं. पोशाखाबद्दल आपण बोलतो ते बहुधा बंधनांच्या अंगानं. नटण्याच्या हौसेबद्दल बोलताना मात्र जरा ओशाळतो. जपानमध्ये बंधन आणि हौस शेजारी शेजारी नांदताना दिसतात, म्हणून हा विषय.

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ मध्ये, कोणी कसले कपडे घालावेत याचे हुकूम शोगुनांचं सरकार वारंवार काढत असे. व्यापाऱ्यांच्या हाती पैसा आला होता, पण त्यांनी भपका केलेला सत्तेला खपत नव्हता. मग लोकांनी तपकिरी आणि करड्या रंगांच्याच असंख्य छटा काढल्या. किमोनो वरून साधा आणि आत अस्तराला उंची रेशीम! या न मिरवणाऱ्या डौलाला 'इकी' म्हणू लागले. ज्या जपानी साधेपणाचं आपण कौतुक करतो, त्यामागे रसिकता आहे तशी सरकारी मनाईही आहे.

आता तोक्योतल्या हाराजुकू भागात येऊ. १९७७ ते १९९८ या काळात तिथला मोठा रस्ता रविवारी वाहनांना बंद असे आणि तरुण मुलंमुली तिथे नटूनथटून जमत. १९९७ मध्ये शोइची आओकी यांनी त्यांच्या फोटोंचं 'फ्रूट्स' हे मासिक सुरू केलं. कुणी आजीच्या वेळचा किमोनो बुटांवर घातलेला, कुणी जुन्या बाजारातले कपडे उसवून पुन्हा शिवलेले. 'लोलिता' पोशाखाचं नाव ऐकून दचकू नका. तो लेस आणि झालरींचा, अंगभर असतो, आणि 'हा पुरुषांसाठी नाही, माझ्यासाठी आहे,' असं तो घालणाऱ्या अनेकजणी सांगतात.

पण हे झालं रविवारचं. सोमवारी काय?

ओसाकामधल्या एका विद्यार्थिनीचे केस मुळातच तपकिरी होते. ते काळे करण्याची शाळेनं सक्ती केली, म्हणून २०१७ मध्ये ती कोर्टात गेली. २०२१ मध्ये तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई मिळाली, ती वर्गातलं तिचं बाक हलवलं आणि नाव यादीतून काढलं यासाठी. केसांचा नियम कोर्टानं बेकायदा ठरवला नाही. तोक्योच्या सरकारी शाळांनी मात्र २०२२ मध्ये असे नियम रद्द केले.

२०१९ मध्ये युमी इशिकावा यांनी नोकरीत उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध 'कुटू' मोहीम काढली. जपानीत 'कुत्सु' म्हणजे जोडा आणि 'कुत्सू' म्हणजे वेदना. १८ हजारांहून अधिक सह्यांचं निवेदन दिल्यावर कामगारमंत्री म्हणाले की, कामाच्या गरजेनुसार समाजमान्य असेल तेवढी सक्ती चालेल. पुढे २०२० मध्ये जपान एअरलाइन्सनं हवाईसेविकांना सपाट जोडे घालायची मुभा दिली.

याच देशाच्या परराष्ट्र खात्यानं २००९ मध्ये तीन तरुणींना 'कवाई', म्हणजे गोंडस, फॅशनच्या दूत म्हणून नेमलं होतं. एक लोलिता पोशाखात, एक चक्क शाळेच्या गणवेशाच्या धर्तीवरच्या पोशाखात! ज्या गणवेशासोबत शाळेत केसांच्या रंगाचाही हिशेब घेतला जातो, तो परदेशात देशाची शोभा ठरला.

मला वाटतं, मुलींची हौस मिरवायला कुणाचीच हरकत नसते. ती कधी आणि कुठे करायची हे ठरवण्याचा हक्क मात्र सोडवत नाही. अस्तरातलं रेशीम सुंदर होतंच. पण ते आत का दडवावं लागलं, हा प्रश्न त्या विद्यार्थिनीनं आणि इशिकावांनी उघडपणे विचारला. हौसेची लाज आपण सोडू या, आणि हा प्रश्नही सोडायला नको.

आता तुम्ही बोला.