तंत्र परदेशाचे, निर्णय गावाचा



कवी केशवसुतांच्या जन्मभूमीत, मालगुंड येथे भरलेल्या या परिषदेत स्वागत समिती आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे. नव्या विचाराला मराठी कवितेचे दार उघडून देणाऱ्या कवीच्या गावी शेतीतील नव्या विचारांची देवाणघेवाण व्हावी, हे सर्वथा उचित आहे.

अशी देवाणघेवाण ज्यातून घडते, ते आंतरराष्ट्रीय तांत्रिक साहाय्य म्हणजे केवळ परदेशी निधी नव्हे, तर ज्ञान, कार्यपद्धती आणि प्रशिक्षण यांचे असे हस्तांतर, की ज्यातून साहाय्य थांबल्यावरही काम चालू ठेवणारी माणसे तयार होतात. महाराष्ट्रात त्याचे ठळक उदाहरण म्हणजे स्विस धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम होय. ज्या भूभागावरील पावसाचे पाणी वाहत जाऊन एकाच ओढ्याला मिळते, त्याला पाणलोट क्षेत्र म्हणतात. या कार्यक्रमात जर्मनीचा निधी नाबार्ड या कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या माध्यमातून आला आणि गावांच्या क्षमताबांधणीची धुरा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉटर’ या संस्थेने वाहिली. मात्र निधी येण्यापूर्वी गावाला श्रमदान करून आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारून आपली तयारी सिद्ध करावी लागे. त्यानंतर शेतकरी पती-पत्नीला सोबत घेऊन तंत्रज्ञ त्यांच्याच शेतात फिरत आणि बांध कोठे घालावा, झाड कोठे लावावे, हे जमिनीच्या प्रत्येक गटानुसार तेथेच ठरे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या दुष्काळी गावाचा कायापालट झाला, तो तंत्राला गावाच्या निर्धाराची जोड मिळाल्यामुळेच.

तथापि, पठारावरील उपाय कोकणात जसाच्या तसा लागू पडत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु उतार तीव्र असल्याने आणि जांभ्या खडकात पाणी फार काळ टिकत नसल्याने ते समुद्राला मिळते आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आंब्याच्या बाबतीतही हेच खरे आहे. भारत-इस्राएल सहकार्यातून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात हापूससाठी उत्कृष्टता केंद्र उभे राहिले; परंतु कोरड्या हवामानात सिद्ध झालेली छाटणीची किंवा दाट लागवडीची पद्धत येथील दमट हवेत आणि कातळावर पारखून घेतल्याशिवाय बागायतदाराच्या उपयोगी पडत नाही. ही पारख विद्यापीठातील संशोधक आणि अनुभवी बागायतदार यांनी मिळूनच करावयाची असते.

म्हणून तज्ज्ञ पाहुण्यांना स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे की, कोणतीही शिफारस करण्यापूर्वी तिचा निर्णय कोण घेणार आणि तज्ज्ञ परतल्यावर त्या कामाची देखभाल कोण करणार, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी येथील ग्रामस्थांच्या तोंडून ऐकावीत आणि ती परिषदेच्या ठरावांत नोंदवावीत.