वादळ, पंचनामा आणि विमा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. इतिहास घेऊन बी.ए. झालो, विम्याचा तज्ज्ञ नव्हे. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण या बाबतीत चूक माझ्या घरातच झालेली आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन तालुक्यात माझ्या मामांचे घर आहे. पडवीचे पत्रे उडाले, कौले फुटली, वासे मोडले आणि माड पडून मागची भिंत खचली. टाळेबंदीचे दिवस, पास काढून पोहोचायला मला आठ दिवस लागले. तोवर तलाठ्यांचा पंचनामा होऊन गेला होता. मी विचारले, "मामा, विम्याचे काय?" तर म्हणाले, "अरे, भाऊसाहेब येऊन लिहून गेले की! झाला ना विमा."

बंधूंनो, पंचनामा म्हणजे विमा नव्हे. पंचनाम्यावरून मिळते ती शासनाची मदत. निसर्गच्या वेळी पूर्ण पडलेल्या घराची ही मदत सुमारे ९५ हजारांवरून दीड लाख रुपये करण्यात आली. अंशतः पडझडीला त्याहून पुष्कळ कमी होती. विमा हा हप्ता भरून केलेला वेगळा करार आहे. शासनाची मदत घेतली म्हणून तो हक्क जात नाही.

मामांनी हप्ता भरला होता का? भरला होता, पण त्यांना ते माहीत नव्हते. घराच्या कामासाठी कर्ज घेतले तेव्हा बँकेने तारण घराचा विमा उतरवला आणि दरवर्षी हप्ता त्यांच्या खात्यातून वळता केला. पॉलिसी मात्र कर्जाच्या फाइलमध्ये पडून होती. त्या बँकेचे नाव मी घेत नाही. असे बऱ्याच ठिकाणी घडते, हे टेबलाच्या या बाजूला बसून मी पाहतो. मला फाइल काढून पाहण्याचे सुचले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. बँकेत नोकरी करणाऱ्या भाच्याला आठ महिने हे सुचू नये, याची आजही लाज वाटते.

कंपनीचे पहिले उत्तर आले : खबर उशिरा दिली, सबब दावा नामंजूर. आम्ही विमा नियामक प्राधिकरणाच्या २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाचा हवाला देऊन पुन्हा अर्ज केला. खऱ्या दाव्याला केवळ उशीर झाला एवढ्यावरून नकार देऊ नये, असे त्यात कंपन्यांना बजावले आहे. मग सर्वेक्षक आले. पण त्यांना दाखवायचे काय? फुटके पत्रे भंगारात गेले होते, कौलांचे तुकडे अंगणात भर म्हणून टाकले होते, भिंत नवी बांधून झाली होती आणि गवंड्याची पावती नव्हती. मामेबहिणीच्या मोबाइलमध्ये वादळाच्या दुसऱ्या दिवशीचे सहा फोटो सापडले, तलाठी कार्यालयातून पंचनाम्याची नक्कल आणली. ज्या पंचनाम्याला मी मघाशी विमा नव्हे म्हटले, तोच पुरावा म्हणून उपयोगी पडला.

म्हणून सांगतो, आधी फोटो काढा, मग ताडपत्री घाला. नुकसान वाढू नये म्हणून छप्पर झाकणे हे आपले कामच आहे, पण मोडलेली वस्तू सर्वेक्षक येईपर्यंत फेकू नका. खबर त्याच दिवशी लेखी द्या व पोच घ्या.

सर्वेक्षकांनी नुकसान १ लाख ६० हजार धरले आणि मंजूर झाले ८० हजार. मामा म्हणाले, "निम्मे कुणी खाल्ले?" कुणी खाल्ले नव्हते. घर पुन्हा बांधायचा खर्च दहा लाख, आणि बँकेने विमा उतरवला होता कर्जाच्या रकमेएवढा, म्हणजे पाच लाखांचा. घराच्या निम्म्या किमतीचा विमा, म्हणून भरपाईही निम्मी. शिवाय ती रक्कम मामांच्या हाती न येता कर्जखात्यात जमा झाली, कारण पॉलिसीवर पहिला हक्क बँकेचा असतो.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देणे सक्तीचे झाले. तिच्यात वादळ, पूर, भूकंप येतात आणि वर सांगितलेली कात्री लागत नाही. पण विम्याच्या रकमेपेक्षा जास्त काही मिळत नाही, हे तिथेही खरेच. तेव्हा विमा कर्जाएवढा आहे की घराएवढा, हे बँकेत विचारा. आमच्यासारखे कारकून कपाळाला आठ्या घालतील, तरी विचारा.

पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, अशा पावतीवर सही घेतात. प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकानुसार त्या सहीने जास्त मागण्याचा हक्क बुडत नाही. सर्वेक्षण अहवालाची प्रत मागून घ्या. कंपनीला तक्रार लिहूनही महिनाभरात दाद लागली नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकील चालत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहिले तरी चालते.

विद्यार्थी मित्रांनो, घरातले इंग्रजी कागद वाचण्याचे काम बहुधा तुमच्याकडेच येते. दर रविवारी सकाळी मी संस्थेच्या कार्यालयात असतो. वडिलांचे कर्जाचे पासबुक घेऊन या. विम्याचा हप्ता वळता झाल्याची नोंद आपण मिळून शोधू आणि पॉलिसीची प्रत मागणारा अर्ज तिथेच लिहू.