१२२.४ पॉइंटचा सीझन : लॉयोला मेरीमाउंट, १९९०

आज क्रिकेट नाही, आज बास्केटबॉल. तेही एनबीए नाही, अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल. त्यातलं फारसं कळत नसेल तरी ऐका, लागतील तेवढे नियम मी सांगत जाईन.

सुरुवात एका आकड्यापासून करू. १२२.४. लॉस एंजेलिसमध्ये लॉयोला मेरीमाउंट नावाचं एक छोटं खासगी विद्यापीठ आहे. त्यांच्या मुलांच्या संघाने १९८९-९० च्या सीझनमध्ये दर मॅचला सरासरी एवढे पॉइंट केले. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था बघते. तिच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, एवढी सरासरी त्याआधी कुणाची नव्हती आणि नंतरही कुणाची झाली नाही.

हा आकडा केवढा मोठा आहे ते बघा. त्या काळात बरा संघ मॅचला ७५-८० पॉइंट करायचा. मॅच ४० मिनिटांची, म्हणजे लॉयोलाचे मिनिटाला तीनपेक्षा जास्त पॉइंट. आणि गंमत म्हणजे त्याच सीझनमध्ये समोरच्या संघांनी यांच्यावर सरासरी १०८.१ पॉइंट केले. दोन्ही मिळून २३० च्या वर. साधारण दर दहा सेकंदांना एक पॉइंट. टी-ट्वेंटीत दोन्ही संघांनी रोजच्या रोज अडीचशे करावेत, असला प्रकार.

हे झालं कसं? कोच होता पॉल वेस्टहेड. हा माणूस इंग्रजी साहित्य शिकवायचा, शेक्सपिअर त्याचा आवडता. १९८० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने एनबीएचं विजेतेपद जिंकलं तेव्हा कोच हाच होता. पुढे तिथून त्याला काढलं, आणि फिरत फिरत तो १९८५ मध्ये या छोट्या कॉलेजात आला. त्याच्या खेळण्याच्या पद्धतीला लोक ‘द सिस्टिम’ म्हणायचे.

सिस्टिम सांगायला सोपी आहे. त्या वेळी कॉलेजच्या नियमानुसार बॉल हातात आल्यावर बास्केटवर फेकायला ४५ सेकंद मिळायचे. बाकीचे संघ ते वापरायचे. पास द्यायचे, जागा शोधायचे, मग शॉट. वेस्टहेड म्हणायचा, सात सेकंदांच्या आत शॉट गेलाच पाहिजे. पाचही जणांनी कुठल्या रेषेत पळायचं हे ठरलेलं. समोरच्याने बास्केट केली की खंत करत बसायचं नाही, जाळीतून खाली आलेला बॉल उचलायचा आणि पुन्हा पळत सुटायचं. आणि बॉल त्यांच्याकडे असेल तेव्हा पूर्ण कोर्टभर अंगावर जायचं. त्यात ते निसटून सोपी बास्केट करून गेले तरी चालेल, कारण त्यांनीही लवकर शॉट घ्यावा हेच तर आपल्याला हवंय.

आता मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे लगेच पटतं. प्रत्येक शॉट परफेक्ट असण्याची वाट बघू नका, शॉटची संख्या वाढवा. मॅचमधल्या संधी दीडपट केल्या, आणि आपल्याला त्या वेगाची सवय आहे, समोरच्याला नाही, तर शेवटच्या दहा मिनिटांत कोण धापा टाकणार? समोरचा. आमच्या भाषेत सांगायचं तर अचूकतेवर थोडं पाणी सोडायचं आणि थ्रूपुट वाढवायचं. गणित म्हणून झकास आहे. पण या गणितातला प्रोसेसर म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या मुलांचं हृदय आहे. ते लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट तिथेच जाते.

या संघात दोन मुलं होती, हँक गॅदर्स आणि बो किंबल. दोघंही फिलाडेल्फियाचे, एकाच शाळेच्या संघातून आलेले. दोघं आधी लॉस एंजेलिसच्याच एका मोठ्या विद्यापीठात गेले, वर्षभरात तिथला कोच बदलला, आणि दोघं मिळून लॉयोलात आले. हँक ताकदीचा खेळाडू. १९८८-८९ मध्ये तो सगळ्या अमेरिकेत सरासरी पॉइंटमध्येही पहिला होता आणि रिबाउंडमध्येही. शॉट हुकल्यावर उडालेला बॉल पकडणं म्हणजे रिबाउंड. त्याची सरासरी होती ३२.७ पॉइंट आणि १३.७ रिबाउंड. एकाच सीझनमध्ये दोन्हीत पहिला येणारा तो डिव्हिजन वनच्या इतिहासातला फक्त दुसरा खेळाडू. पुढच्याच वर्षी, म्हणजे आपल्या रेकॉर्डच्या वर्षी, पॉइंटमध्ये पहिला आला बो. सरासरी ३५.३.

हँकचा एक कच्चा दुवा होता. फ्री थ्रो. फाउल झाला की ठरावीक रेषेवर उभं राहून, कुणीही आडवं न येता, बास्केट करायला मिळते तो फ्री थ्रो. बाकी सगळं करणारा हा माणूस तिथे चुकायचा. इतका, की उजव्या हाताचा असून तो फ्री थ्रो डाव्या हाताने मारायला लागला होता.

आता तारीख, ९ डिसेंबर १९८९. घरच्या मैदानावर सांता बार्बराच्या संघाशी मॅच. हँक फ्री थ्रोच्या रेषेवर उभा होता आणि तिथेच कोसळला. तपासण्या झाल्या, हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं निघालं. डॉक्टरांनी इंडेरल हे औषध सुरू केलं. हा बीटा ब्लॉकर आहे, तो ठोक्यांचा वेग आणि जोर कमी करतो. काही मॅच बाहेर बसून हँक परत खेळायला लागला.

इथे जरा थांबा. औषधाचं काम हृदय शांत ठेवणं, आणि सिस्टिमचं काम ते सतत पळवत ठेवणं. हँकला गोळ्यांनी सुस्ती यायची, आपला खेळ उतरलाय असं त्याला वाटायचं. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, पुढे एनबीएची निवड, घरची परिस्थिती बेताची. महिने गेले तसा औषधाचा डोस टप्प्याटप्प्याने कमी होत गेला. आणि खेळ परत आला. ३ फेब्रुवारीला लुइझियाना स्टेटविरुद्ध, ज्या संघात तरुण शकील ओनील होता, त्यांच्याविरुद्ध हँकने ४८ पॉइंट केले. ओव्हरटाइममध्ये १४८-१४१ असा लॉयोलाचा पराभव झाला, पण हरणाऱ्या संघाचे १४१ पॉइंट! बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, सगळं ठीक झालं.

४ मार्च १९९०. कॉन्फरन्स स्पर्धेची सेमीफायनल, समोर पोर्टलंड, मैदान घरचंच, गर्स्टन पॅव्हिलियन. हँकने वर फेकलेला पास हवेतच पकडून जोरदार डंक मारला, लॉयोला २५-१३ पुढे. तो मागे वळून बचावाला गेला आणि खाली पडला. उठायचा प्रयत्न केला, परत पडला. हॉस्पिटलमध्ये त्याला मृत घोषित केलं. वय २३. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा आजार, कार्डिओमायोपॅथी, असल्याचं दिसलं.

चूक कुणाची, डोस कुणी आणि का कमी केला, यावरून पुढे खटले झाले, तडजोडी झाल्या. मी निकाल द्यायला बसलेलो नाही. मला एवढंच दिसतं की त्या सीझनमध्ये प्रत्येकाला, हँकलासुद्धा, तो पळताना हवा होता. थांबणं हे कुणाच्याच फायद्याचं दिसत नव्हतं.

स्पर्धा तिथेच रद्द झाली. लीगमध्ये लॉयोला पहिला होता, म्हणून राष्ट्रीय स्पर्धेतली जागा त्यांना मिळाली. खेळायचं का नाही, हे मुलांनी ठरवलं. ते खेळायला उतरले. मानांकन ११ वं, म्हणजे एक-दोन मॅचमध्ये घरी जातील असं धरलेला संघ.

हँक गेल्यानंतर १२ दिवसांनी पहिली मॅच, न्यू मेक्सिको स्टेटशी. बो किंबलने आधीच ठरवलं होतं की प्रत्येक मॅचमधला आपला पहिला फ्री थ्रो मित्रासाठी डाव्या हाताने मारायचा. बो उजव्या हाताचा. राष्ट्रीय स्पर्धा, एकेक पॉइंट मोलाचा, आणि हा मुद्दाम चुकीच्या हाताने मारणार. तो रेषेवर आला, डाव्या हाताने बॉल सोडला, आणि बॉल आत गेला. त्या मॅचमध्ये बोने ४५ पॉइंट केले, लॉयोला १११-९२ ने जिंकला.

पुढची मॅच मिशिगनशी. मिशिगन म्हणजे आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता. त्यांनी लॉयोलाच्या वेगाने खेळायचं ठरवलं आणि फसले. निकाल १४९-११५. एनसीएए स्पर्धेच्या एका मॅचमध्ये १४९ पॉइंट कुणी केले नव्हते, अजूनही केलेले नाहीत. जेफ फ्रायरने एकट्याने ११ थ्री-पॉइंटर मारले, तोही त्या स्पर्धेचा रेकॉर्ड.

आता माझी सगळ्यात आवडती मॅच. इथे सगळे मिशिगनचं नाव घेतात, पण मी घेणार अलाबामाचं. अलाबामाने मिशिगनचं काय झालं ते पाहिलं होतं. त्यांनी खेळ हळू केला. बॉल दाबून ठेवायचा, शॉटची घाई नाही, पळायचंच नाही. ज्या संघाची सरासरी १२२ आहे त्याला त्यांनी ६२ वर अडवलं. साधारण अर्धं! सिस्टिम जवळपास बंद पाडली. आणि तरीही निकाल काय? ६२-६०, लॉयोला जिंकला.

मला ही मॅच का आवडते सांगतो. १४९ पॉइंट सिस्टिमने करून दिले असं म्हणता येतं. ६२ चं तसं नाही. वेग नाही, लय नाही, आपला सगळ्यात मोठा माणूस नाही, प्रत्येक बॉलसाठी झगडायचं, दोन पॉइंटने सामना काढायचा. रेकॉर्ड बुकात ही मॅच दिसत नाही, किंबहुना सरासरी खाली आणणारी मॅच म्हणून दिसते. पण हा संघ नुसता पळणारा संघ नव्हता, हे त्याच मॅचने दाखवलं.

पुढे शेवटच्या आठात ते नेवाडा लास व्हेगासकडून १३१-१०१ असे हरले. तो संघ त्या वर्षीचा विजेता ठरला, त्यांनी फायनलमध्ये ड्यूकला १०३-७३ असं ३० पॉइंटने हरवलं. लॉयोलाचा सीझन संपला, २६ विजय, ६ पराभव. वेस्टहेड एनबीएत डेन्व्हरला गेला, आणि बऱ्याच वर्षांनी, २००७ मध्ये, त्याने महिलांच्या डब्ल्यूएनबीएमध्ये फिनिक्सला विजेतेपद मिळवून दिलं. गर्स्टन पॅव्हिलियनला लोक आजही ‘हँकचं घर’ म्हणतात. २०२० पासून बाहेर हँकचा पुतळा आहे.

मी ही गोष्ट आज का सांगितली? दोन कारणं.

पहिलं, आकड्यांबद्दल. माझं दिवसभराचं काम डॅशबोर्ड बघायचं. हिरवी रेघ वर जातेय, म्हणजे छान चाललंय. लॉयोलाचा डॅशबोर्ड डिसेंबर ते मार्च पूर्ण हिरवा होता. ४८ पॉइंटची मॅच औषध कमी होत असतानाच आली. म्हणजे जो आकडा बघून लोक निर्धास्त होत होते, तो आकडा आजाराबद्दल काहीच सांगत नव्हता. तो कशासाठी नाहीच, हे विचारायची सवय पाहिजे.

दुसरं कारण अगदी थेट आहे. तुमच्यातले कितीतरी जण शनिवारी टर्फवर फुटबॉल खेळता, जिमला जाता, हाफ मॅरेथॉन पळता. पळताना किंवा जोर लावताना कुणी शुद्ध हरपून पडलं, आणि मिनिटाभरात उठून बसलं, तरी इलेक्ट्रॉल पाजून ‘चल, खेळ पुढे’ म्हणू नका. ऊन असेल, जेवला नसेल, हे सगळं असू शकतं. पण मेहनत करताना शुद्ध जाणं ही हृदयाची खूण असू शकते, आणि ते बघायला ईसीजी आणि टूडी इको आहेत. डॉक्टरांनी सांगेपर्यंत खेळ बंद. आणि डोस कमी करायचा, औषध थांबवायचं, हे ठरवताना ‘माझा खेळ उतरतोय’ एवढं एकच कारण पुढे ठेवू नका.

कुणी कोसळलं, हाक मारून उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर एकाने लगेच १०८ लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध जोरात, वेगाने दाबायला सुरुवात करायची. जवळ एईडी मशिन असेल तर ते आणायचं, ते स्वतःच बोलून पुढचं सांगतं. सीपीआरचं ट्रेनिंग काही तासांचं असतं. तुमच्या टर्फ ग्रुपमधल्या निदान दोघांनी ते करा. वर्गणी काढून बॉल घेतो, तसं हेही.

या सीझनवर ‘गुरू ऑफ गो’ नावाची डॉक्युमेंटरी आहे, मिळाली तर नक्की बघा. बोचा तो डाव्या हाताचा पहिला फ्री थ्रो बघताना आवाज बंद करू नका, प्रेक्षकांचा आवाज ऐकण्यासारखा आहे.

एपिसोड आवडला तर तुमच्या खेळायच्या ग्रुपवर टाका, खासकरून त्या मित्राला, जो मागच्या वेळी चक्कर येऊन बसला होता आणि ‘काही नाही रे’ म्हणाला होता. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या.